एक स्वच्छ, एक फाटका

सुरतेहून हजिऱ्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत इच्छापोर येतं. तिथल्या जेम अँड ज्वेलरी पार्कात माणसं दिवसभर डोळ्याला भिंग लावून खोट शोधत बसतात. वस्तू दहापट मोठी दाखवणारं ते भिंग. हिऱ्याच्या शुद्धतेच्या अकरा पायऱ्या ठरलेल्या आहेत. दहापट मोठं करूनही ज्यात काही सापडत नाही तो सगळ्यांत वर, आणि ज्यातला डाग उघड्या डोळ्यांना दिसतो तो तळाशी. मधल्या पायऱ्यांवर केसाएवढ्या रेघेपायी भाव उतरतो आणि दोन माणसांचा आवाज चढतो.

गंमत अशी की याच धंद्यात खोटीलाही दर आहे. कार्बनच्या जाळीत नायट्रोजन शिरला की हिरा पिवळा होतो, बोरॉन शिरला की निळा. जरासा पिवळट हिरा पांढऱ्यापेक्षा स्वस्त. मात्र तोच पिवळेपणा लाज सोडून पुरेपूर उतरला, तर तो 'फॅन्सी' होतो, त्याचं कोष्टक वेगळं होतं आणि गिऱ्हाईकही वेगळं. गोवळकोंड्याच्या बाजूने गेलेला होप हिरा आपल्या निळाईवर जगभर मिरवतो, ती सगळी बोरॉनची भेसळ. अर्धवट खोट दोष ठरते, भरपूर खोट दागिना ठरते. फक्त दोघांना एका पुडीत ठेवायचं नाही.

इच्छापोरपासून हजिऱ्यापर्यंतच्या कारखान्यांत नोकरीला आलेले मराठी लोक पुष्कळ आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबार ही तर सुरतेची जुनी सासरं-माहेरं. अशा नोकरदारांत एक जात हमखास सापडते: कॉलेजात लागलेला गिटारचा नाद पगार सुरू झाल्यावर सुटेल असं घरच्यांना वाटलं होतं, पण पगारामुळे तो उलट बळावला. या गृहस्थाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एका भिंतीशी दोन पेट्या दिसतात. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर. गावाहून आलेली आई एकदा या पेटीकडे बघते, एकदा त्या पेटीकडे, आणि विचारते, "दोन दोन काबर रे भाऊ?"

प्रश्न रास्त आहे. गिटार एक, हात दोन, तारा सहा, आणि वाजवणाऱ्याला एका वेळी एकच गाणं जमतं, तेही जमलं तर.

उत्तर असं की एक पेटी स्वच्छ आवाजाची आहे आणि दुसरी फाटक्या आवाजाची. आईच्या पिढीने रेडिओवाल्याकडे आवाज फाटतोय म्हणून तक्रार नेली. मुलाने तो फाटावा म्हणून पैसे मोजले. हा उलटा व्यवहार जगात सुरू झाला तोही अपघातांनी. 1951 साली 'रॉकेट 88' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी आयक टर्नरची मंडळी मेम्फिसला निघाली होती. वाटेत गिटारवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला मार बसला. तो गाडीवरून पडला की पावसात भिजला यावर अजून दोन मतं आहेत. स्टुडिओत सॅम फिलिप्सने स्पीकरच्या फाटक्या कोनात कागदाचे बोळे कोंबले आणि गाणं वाजवून घेतलं. पुढे त्या घरघरीवर विद्वानांनी लेख लिहिले. 1961 च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बास गिटार मधमाश्यांसारखा गुणगुणू लागला. तिथल्या तंत्रज्ञाने चॅनेल तर दुरुस्त केलाच असेल, पण बिघाडही जपून ठेवला आणि तो डबीत कसा भरता येईल ते शोधलं. 1962 साली मॅस्ट्रो फझ-टोन नावाची ती डबी बाजारात आली. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ती वापरल्यावर दुकानांतला साठा संपला. बिघाडाचा काळाबाजार व्हायचीच काय ती बाकी होती.

लंडनच्या डेव्ह डेव्हिसला वाट पाहायलाही धीर नव्हता. किंक्स या बँडच्या या पोराने 1964 साली आपल्या छोट्या एल्पिको अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरवर चक्क ब्लेड चालवलं. तो कापलेला आवाज त्याने व्हॉक्सच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सोडला. लहान पेटीने फाडायचं, मोठीने ओरडायचं. दोन पेट्यांच्या संसाराची ही एक जुनी नोंद, आणि सुरुवात घरगुती हिंसेने झालेली.

एका पेटीत दोन्ही का होत नाही, याचं कारण शास्त्रीय आहे आणि ते ऐकताना आईला जांभई येते. स्वच्छ आवाजाला मोकळी जागा लागते. तार छेडल्याच्या क्षणी आवाजाचा एक उंच टोकदार सुळका उठतो आणि लगेच खाली येतो. तो सुळका न कापता बाहेर सोडायचा तर अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगात भरपूर वॅट राखीव हवेत. शिवाय कान मोठा हिशेबी. आवाज दुप्पट वाटायला ताकद दुप्पट करून भागत नाही, सुमारे दहापट करावी लागते. म्हणून फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, 1963 पासूनचा, 85 वॅटचा आहे, आणि हे सगळे वॅट आवाज फाटू नये एवढ्यासाठी आहेत. फाटक्या आवाजाचं याच्या उलट. तिथे सुळके कापायचेच असतात. पेटीतल्या व्हॉल्व्हला सोसेल त्यापेक्षा जास्त भार द्यायचा, लाटांची डोकी सपाट करायची. त्या कापाकापीतून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर जन्माला येतात आणि आवाज लांबतो, जाड होतो, गुरगुरतो. पंधरा वॅटची पेटी असा गळा काढते की शंभर वॅटच्या स्वच्छ पेटीला मान खाली घालावी लागते.

पुढे स्पीकरचं प्रकरण. स्वच्छ आवाजाची पेटी बहुधा पाठीमागे उघडी असते, म्हणजे आवाज खोलीभर पसरतो. फाटक्याची पेटी बंद, चार-चार स्पीकरांची, छातीत बुक्का मारणारी. एकीसाठी केलेली प्रत्येक सोय दुसरीची अडचण होते.

कंपन्यांना हे पटत नाही. एकाच पेटीत दोन चॅनेल, पायाने बटण दाबा, लगेच स्वभाव बदलेल, अशी आश्वासनं त्या गेली चाळीसेक वर्षं देत आहेत. पेटी घेतल्यावर कळतं की एका चॅनेलवर जीव लावला आहे आणि दुसरा सावत्र आहे. रोलंडचा जाझ कोरस घ्या. 1975 साली आलेला, 60 वॅटचे दोन अ‍ॅम्प्लिफायर पोटात बाळगणारा, व्हॉल्व्ह नसलेला, धुतल्या तांदळासारख्या आवाजाचा. जगातल्या सभागृहांत तो भाड्याने मिळतो आणि कुणी त्याला नाव ठेवत नाही. त्यावर 'डिस्टॉर्शन' असं लिहिलेलंही एक बटण आहे. ते फिरवून पाहिलेला माणूस ते पुन्हा फिरवत नाही. ज्या घरात एकादशीही आहे आणि सुरमईही आहे, तिथली गृहिणी साबुदाण्याची कढई वेगळी ठेवते. तिला कुणी दोन चॅनेलची कढई विकायला गेलं, तर उंबऱ्यावरूनच परत येईल.

मोठ्या वादकांनीही हाच कढईचा मार्ग धरला. मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड, ज्याच्या गिटारने भिंतीचं प्लास्टर पडेल अशी ख्याती, तो मऊ भागांसाठी वर्षानुवर्षं हाच सोज्वळ जाझ कोरस वापरत आला. गुरगुर सुरू करायची वेळ झाली की मेसा-बुगी. टेक्सासातल्या ऑस्टिनचा एरिक जॉन्सन आणखी पुढचा. स्वच्छ आवाजाला फेंडर, फाटक्याला मार्शल, आणि फाटक्यातही साथीचा वेगळा, सोलोचा वेगळा. पेडलमध्ये कोणत्या कंपनीची बॅटरी घातली आहे तेही या माणसाला आवाजात कळतं, अशी दंतकथा आहे. इच्छापोरच्या भिंगवाल्यांत त्याला आदराने बसवून घेतील.

कॅनडाच्या नील यंगने मात्र वेगळाच हट्ट केला. त्याला दुसरी पेटी नको होती. पन्नासच्या दशकातली एक छोटी फेंडर डिलक्स, तीच हवी, तीच स्वच्छ आणि तीच फाटकी. त्या पेटीवर आवाजाचं बटण जरा वर नेलं की आवाज फाटायला लागतो, म्हणजे गाण्याच्या मध्येच कुणीतरी जाऊन बटण फिरवायला हवं. त्याने पेटीच्या डोक्यावर एक यंत्र बसवून घेतलं. पायाखालचं बटण दाबलं की मोटारी सुरू होतात आणि यंत्र खरोखरीचं बटण खरोखर फिरवतं. त्याचं नाव व्हिझर. एका पेटीत दोन आवाज ठेवायची किंमत म्हणून पेटीला नोकर ठेवावा लागला, तेव्हा दुसरी पेटीच स्वस्त पडली असती असं कुणालाही वाटेल. नील यंगला मात्र कधी वाटलं नाही.

आता हे सगळं गोऱ्यांचं खूळ आहे असं आईने समजू नये, कारण महाराष्ट्रात हा संसार केव्हापासून चालू आहे. जपानमध्ये नागोया शहरी 1912 साली गोरो मोरिता नावाच्या माणसाने तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं असलेलं एक वाद्य काढलं, ताइशोगोतो. फिरत फिरत ते हिंदुस्थानात आलं, बुलबुलतरंग झालं, आणि मुंबईत-कोकणात त्याला लोक बँजो म्हणू लागले. खऱ्या अमेरिकन बँजोचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, पण रवी जाधव यांनी 2016 साली रितेश देशमुखला घेऊन हिंदी सिनेमा काढला तोही 'बँजो' याच नावाने, म्हणजे प्रकरण मिटलं. बँजो पार्टीवाल्यांनी या जपानी पाहुण्याला तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसवला, वायर काढून अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि अ‍ॅम्प्लिफायर भोंग्यांना. हे अ‍ॅम्प्लिफायर सभेतली भाषणं लोकांना कळावीत म्हणून केलेले. त्यातून बँजो पूर्ण ताकदीनिशी सोडला की लाटांची डोकी आपोआप सपाट होतात, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस पहिल्या दोन स्वरांत नाचायला लागतो. लंडनच्या पोराला ब्लेड लागलं. लालबागेत ते कामही भोंग्याने केलं.

आणि ज्या गणपती मंडळाची ही मिरवणूक, त्याच मंडळाच्या मांडवात पाहावं तर आरतीचा माईक वेगळा, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. अथर्वशीर्षाचा एकही अनुस्वार फाटलेला चालत नाही. तिथे जरा खरखर झाली की समितीतले ज्येष्ठ वायरवाल्याला हाक मारतात. मिरवणुकीत बँजो स्वच्छ वाजला, तर तेच ज्येष्ठ "आज दम नाही" म्हणतात. एकाच गणपतीसमोर एक स्वच्छ आणि एक फाटका, दहा दिवस, कुणीही शास्त्र न शिकवता. सुरतेच्या लिंबायत-उधन्याकडच्या मराठी वस्त्यांनी येताना गणपतीबरोबर ही समजही आणली. सुरतेचे काही मोठे गणपती विसर्जनाला हजिऱ्याच्या समुद्राकडे जातात. ज्या रस्त्यावर दिवसभर शुद्धतेची पारख चालते, त्याच रस्त्यावरून त्या दिवशी फाटलेल्या आवाजाचे ट्रक जातात, आणि बघायला गर्दी ट्रकांकडेच असते.

पण आपला गृहस्थ बँजोवाला नाही, त्याला रॉक वाजवायचा आहे, आणि तोही सुरतेत. मुंबईच्या धोबीतलावावर रंगभवन होतं, तिथे 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचा. पुढे इस्पितळं आणि कॉलेजं शेजारी म्हणून शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवन गप्प झालं. पुण्या-मुंबईत निदान पब उरले. गुजरातेत राज्याच्या जन्मापासून दारूबंदी, त्यामुळे पबचा प्रश्न जन्मला नाही. लोक चहा पिऊन रॉक ऐकतील हे मान्य केलं, तरी चहा लवकर संपतो. उरतो तो नवरात्रीचा ऑर्केस्ट्रा. तिथे गिटारवाल्याला काम आहे, मानही आहे, पण अ‍ॅम्प्लिफायर नाही. साउंडवाला हसतमुखाने एक वायर पुढे करतो, "सीधा मिक्सर मां आपी दो." गिटारचा स्पीकर वरचे तीक्ष्ण स्वर गाळून टाकतो, म्हणून फाटका आवाज माणसाला सोसतो. मिक्सरमार्गे तोच आवाज मैदानावरच्या मोठ्या स्पीकरांतून गाळणीशिवाय बाहेर पडला की पत्र्याच्या डब्यात डास कोंडल्याचा भास होतो. गरबा खेळणाऱ्यांच्या पायांवर काही परिणाम होत नाही. गिटारवाला मात्र त्या रात्री ठरवतो की पुढच्या वेळी स्वतःची पेटी न्यायची. पेट्या न्यायच्या.

न्यायच्या म्हणजे उचलायच्या. ट्विन रिव्हर्ब 29 किलोचा. जाझ कोरस 28 किलोचा, त्याला चाकं आहेत आणि ती फक्त दुकानातल्या फरशीवर फिरतात. मार्शलची चार स्पीकरांची पेटी 36 किलोच्या पुढे, आणि तिच्या डोक्यावर ठेवायचा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. सुरतेचा रिक्षावाला एक पेटी सहज घेतो. दुसरी पाहिल्यावर तो मीटरकडे बघतो, आकाशाकडे बघतो आणि टेंपोचा नंबर देतो. लिफ्टमध्ये शेजारी विचारतात, "फ्रिज?" गृहस्थ मान हलवतो, कारण खरं सांगितलं तर सोसायटीची सभा लागेल.

पेट्या पोचल्या, मधे ए-बी-वाय नावाची डबी जोडली, म्हणजे पायाने ही पेटी, ती पेटी किंवा दोन्ही एकदम. दोन्ही एकदमचं बटण दाबताच सभागृहात 'हूंऽऽ' सुरू होतं. दोन पेट्या दोन प्लगांतून अर्थिंग घेतात आणि मधल्या वायरींतून त्यांचं एक रिंगण तयार होतं. विजेच्या पन्नास हर्ट्झची गुणगुण त्यात गोल फिरत राहते. अशा वेळी गर्दीतून एक अनुभवी हात पुढे येतो आणि प्लगाची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला देतो. गुणगुण खरोखर थांबते. पुढेमागे पेटीत बिघाड झाला तर 230 व्होल्ट गिटारच्या तारांतून थेट वादकाच्या बोटांत आणि तिथून माईकला टेकलेल्या ओठांत उतरायची सोयही होते. असे वादक मेलेले आहेत. शहाणा माणूस पिनेला हात लावत नाही, ट्रान्सफॉर्मर बसवलेली डबी घेतो. तिच्यात दोन पेट्यांचा विजेचा संबंध तुटतो, आवाजाचा राहतो. बऱ्याचदा त्याच डबीवर आणखी एक छोटं बटण असतं, लाट उलटी करायचं. दोन पेट्यांपैकी एकीचा स्पीकर पुढे येत असताना दुसरीचा मागे जात असेल, तर दोघी मिळून एकीपेक्षा कमी वाजतात. भारी पैसे देऊन दोन पेट्या घ्यायच्या आणि दोघींनी एकमेकींचं बोलणं खोडून काढायचं. बटण दाबलं की समेट होतो.

घरी मात्र समेटाला वेगळाच अडथळा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल एवढीच मुभा ठेवली आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, ते गरबा आणि गणपती वाटून घेतात. गिटारच्या रियाजाला उत्सवाचा दर्जा कुठल्याच राज्यात नाही. जोरात लावलेला ट्विन जवळून शंभर डेसिबल सहज ओलांडतो. तो फाटण्यापर्यंत नेला तर मजल्यावरच्या सगळ्या घरांत एकाच वेळी मोबाईल शोधले जातात. 85 वॅटच्या या पेटीचं बटण इच्छापोरच्या फ्लॅटमध्ये एकच्या पुढे जात नाही. उरलेले नऊ आकडे शोभेचे.

यावर मेटॅलिकाने उपाय दाखवला, तोही अंटार्क्टिकात. 8 डिसेंबर 2013 रोजी तिथल्या अर्जेंटिनाच्या तळावर ते एका घुमटाखाली वाजले, आणि पेंग्विनांना त्रास नको म्हणून समोरच्या श्रोत्यांनी सगळा कार्यक्रम हेडफोनमधून ऐकला. पेंग्विनांची सोसायटी चालते तर आपली का चालू नये, असा विचार करून हल्लीचे गृहस्थ पेट्या चादरीने झाकतात आणि एक डिजिटल डबी आणतात. तिच्यात शेकडो अ‍ॅम्प्लिफायरांच्या नकला भरलेल्या असतात, बिघडलेल्यांच्यासुद्धा. वजन दीड-दोन किलो. आईला वाटतं, चला, दोनची एक झाली. डबीच्या पडद्यावर मात्र गृहस्थाने पहिल्याच रात्री दोन पेट्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, डाव्या कानाला फेंडर, उजव्या कानाला मार्शल. रात्री साडेदहाला, दुसऱ्या पाळीहून आल्यावर, तो हेडफोन लावून डोळे मिटून वाजवत असतो. बायको शेजारी येऊन बसते, "बघू, काय एवढं," म्हणत हेडफोनची डावी वाटी आपल्या कानाला लावते, आणि थोडं ऐकून सांगते, "अहो, छान आहे की. किती गोड वाजवता तुम्ही! उगाच लोक म्हणतात कर्कश्श." उजव्या वाटीतल्या मार्शलबद्दल तो तिला अजून काही बोललेला नाही.